शिल्लक एक

माझी बायको गेली सव्वीस वर्षं औषधांच्या एका गोदामात काम करते. तिच्याबद्दल मला जे वाटतं ते मी तिला तोंडावर कधी सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती म्हणेल, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" म्हणून इथे लिहितो. मी शिंपी आहे. घरातल्याच पुढच्या खोलीत माझी मशीन, कापायचं टेबल आणि गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या आहेत. लिहिण्याशी माझा संबंध मापांच्या वहीपुरता, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

गोदामातली थंड खोली तिच्या ताब्यात आहे. लसी, इन्सुलिन आणि उकाड्यात नासणारी इतर इंजेक्शनं तिथे राहतात. त्यामुळे ती बारा महिने स्वेटर घेऊन कामाला जाते. भर उन्हाळ्यात हातावर स्वेटर टाकून निघालेल्या बाईकडे रस्त्यातली माणसं वळून बघतात, तिला त्याचं काही नाही. कुठली पेटी कुठल्या फळीवर, किती तारखेला बाद होणार, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. माझी कात्री हरवली की ती आतूनच ओरडते, "इस्त्रीच्या मागे बघा." मी आधी चिडतो, मग इस्त्रीच्या मागे बघतो. तिथेच असते.

तीन वर्षांपूर्वी कंपनीने फतवा काढला. गोदामाचे प्रमुख निवृत्त होणार होते, आणि त्या जागेवर येणाऱ्याकडे पुरवठा साखळीच्या डिजिटल व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदवी हवी. अनुभवाने ती जागा हिचीच होती. हिची शेवटची परीक्षा मात्र लग्नाआधी झालेली. मी हसलो. आमची मुलगी परगावी नर्स आहे, तिने तिकडूनच आईचा पदवीचा अर्ज भरला आणि मला फोनवर सुनावलं, "बाबा, हसू नका. आईच्या शेजारी बसायला मिळालं तरी पुष्कळ शिकाल."

झालंही तसंच. शनिवार-रविवार वर्ग कॉम्प्युटरवर भरायचा, आणि कॉम्प्युटर ठेवायला टेबल होतं ते माझंच. वर्ग सुरू झाला की मशीन बंद. मग मी काजं करायची, बटणं लावायची, टाके घालायचे आणि कान उघडे ठेवायचे. अशी दोन वर्षांची ती पदवी मी फुकटात ऐकली. पहिल्या दिवशी पडद्यावर चाळीस पोरंपोरी उगवली आणि चष्मा लावलेल्या हिला बघून सगळे एका सुरात म्हणाले, "गुड मॉर्निंग मॅडम." एकाने तर पुढच्या आठवड्याची रजाही मागितली. ही म्हणाली, "मी पण विद्यार्थीच आहे रे बाळा. पण रजा घे तू."

पहिल्या सहामाहीत सरांनी एक खेळ दिला होता. दुकान, ठोक व्यापारी, गोदाम आणि कारखाना अशी साखळी. कोणी कोणाशी बोलायचं नाही, फक्त आपली मागणी चिठ्ठीवर लिहून मागच्याला द्यायची. हिने सरावाला मला बसवलं. माल म्हणून माझी बटणं घेतली. मी दुकानदार, बाकी सगळी ती. मी दर फेरीला चार बटणं मागत होतो. मग ती म्हणाली, "आता तुमची गिऱ्हाइकं वाढली, आठ मागा." मी आठ मागितली आणि पुढे आठच मागत राहिलो. पण ठोकवाल्याने घाबरून बारा मागितली, गोदामाने वीस, आणि कारखान्याने चाळीस बनवायला घेतली. थोड्याच वेळात तिच्यापुढे बटणांचा ढीग झाला आणि माझी बशी रिकामी. कोणी लबाडी केली नव्हती, प्रत्येक जण शहाण्यासारखाच वागला होता. मी चार बटणं जास्त मागितली होती, एवढंच. मी त्या ढिगाकडे बघतच राहिलो. जगात असं रोज होत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

एकदा तिने माझ्या कटिंगच्या खाकी कागदावर इन्सुलिनच्या एका बाटलीचा प्रवास काढला, माझ्याच खडूने. काच एका देशातली, रबरी बूच दुसऱ्या देशातलं, औषध तिसऱ्याच ठिकाणी पिंपात तयार होणारं. मग जहाज, बंदर, थंड गाड्या, कुठे किती तास थांबणं, कुठे किती अंश तापमान. कागद संपला तेव्हा तिने दुसरा जोडला. शेवटी कोपऱ्यात छोटा चौकोन काढून म्हणाली, "ही आमची खोली." इतकी वर्षं मला वाटायचं, ही खोकी राखते. अर्ध्या पृथ्वीवरून निघालेली वस्तू शेवटी हिच्या हातात येत होती, आणि ही संध्याकाळी घरी येऊन मला विचारायची, "भाजी काय करू?" मला खरंच लाजल्यासारखं झालं.

दुसऱ्या वर्षी शेवटचा प्रकल्प आला. आपल्या कामाच्या जागेची कॉम्प्युटरमध्ये जुळी बहीण तयार करायची. तशीच खोली, तशाच फळ्या, तसेच ट्रक, आणि त्यात खऱ्या नोंदी घालून ती चालवून बघायची. कंपनीने चार वर्षांच्या नोंदी दिल्या. हिने तीन महिने खपून ती जुळी उभी केली. पहिल्यांदा चालवली तेव्हा मला हाक मारली. पडद्यावर ठिपके ठिपके गाड्या आल्या, फळ्या भरल्या, रिकाम्या झाल्या, पुन्हा भरल्या. चार वर्षं तीन मिनिटांत गेली. माझ्या हातातली सुई हातातच राहिली. "हे तू केलंस?" मी विचारलं. "नाहीतर काय तुम्ही?" ती म्हणाली.

सर तर हरखलेच. चार वर्षांत इन्सुलिनचा साठा एकदाही संपलेला नाही, असं ती जुळी सांगत होती. कंपनीचे मोठे साहेब या प्रकल्पाचे मार्गदर्शक होते. ते म्हणाले, "मॅडम, उत्तम. म्हणजे आपण गरजेपेक्षा जास्त माल ठेवतोय. तुमच्या आकड्यांवरच पुढच्या महिन्यापासून एक तृतीयांश साठा कमी करू." हिची जागाही जवळजवळ पक्की असल्याचं त्यांनी सुचवलं.

त्या दिवशी हिने चहात साखर घातली नाही. मी सांगेपर्यंत तिला कळलंही नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"साठा संपत होता हो," ती म्हणाली. "कितीतरी वेळा संपलाय."

मग तिने सांगितलं. गोदामातल्या कॉम्प्युटरची एक खोड होती. एखाद्या औषधाची शिल्लक शून्य लिहिली की तो ते औषध बंद झालं असं धरायचा आणि यादीतून काढून टाकायचा. ते पुन्हा यादीत घ्यायला मुख्य कार्यालयाकडे अर्ज आणि चार दिवस. फार वर्षांपूर्वी अशीच यादीतून गेलेल्या इंजेक्शनांची गाडी दारात आली. यादीत नाव नाही म्हणून माल आत घेता येईना आणि पेट्यांमधला बर्फ वितळत चाललेला. कसाबसा माल वाचवला, पण त्या दिवसापासून हिने फळी रिकामी झाली तरी शिल्लक एक लिहायला सुरुवात केली. पुढे आलेल्या प्रत्येकाला हिनेच ते शिकवलं. शून्य लिहायचं नाही, एक ठेवायचा. औषधाच्या दुकानातून मागणी आली की फोनवर "उद्या बघा" म्हणायचं. तो फोन कुठेच लिहिला जात नाही.

"आता साठा कमी केला तर?" मी विचारलं.

"तर ‘उद्या बघा’ वाढणार. आणि कागदावर सगळं छान दिसणार."

तेव्हा माझा तोल गेला, हे कबूल करतो. म्हटलं, "इतकी वर्षं सगळे हेच करतायत ना? तू एकटीनेच ठेका घेतलायस का? प्रकल्प दे, पदवी घे, जागा घे, आणि प्रमुख झाल्यावर हळूच सुधार की!" माझा मुद्दा मला आजही अगदीच टाकाऊ वाटत नाही. खोट्या नोंदी हिच्या सहीच्या होत्या. सांगितलं तर जागा जाणारच, कदाचित नोकरीही. आणि सादरीकरणाला राहिले होते तीन आठवडे.

ती म्हणाली, "प्रमुख झाल्यावर मला आणखी जास्त भीती वाटेल."

मी मशीन चालू केली आणि उगाचच एक सरळ शिवण दोनदा मारली.

पण सांगायचं तरी काय, हाही प्रश्न होताच. त्या नोंदींमधले काही ‘एक’ खरेही होते. कधी फळीवर खरोखरच एक खोकं उरलेलं असायचं. खरा एक कुठला आणि खोटा कुठला, हे चार वर्षांनंतर कसं ओळखणार? सरांना विचारलं असतं तर त्यांनीही हात टेकले असते. दोन दिवस ती त्याच नोंदी वरखाली करत राहिली. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता उठली आणि ओल्या हातांनीच कॉम्प्युटरपुढे बसली.

"खरा एक बसून राहत नाही," ती म्हणाली. "इन्सुलिन आहे ते. खरं एक खोकं उरलं तर दुपारच्या आत कोणीतरी नेतंच. जो एक दिवसभर हलत नाही, तो माझा."

एवढं साधं. पण ते सव्वीस वर्षं त्या थंडीत उभ्या राहिलेल्या माणसालाच दिसणार. तिने न हललेले ‘एक’ वेगळे काढले. चार वर्षांत एकशे बारा दिवस. तिने तो आकडा मोठ्याने वाचला आणि पदराला हात पुसत बसली. मला तिची भीती वाटली, खरं सांगतो, आदर वाटावा तशी भीती.

सादरीकरण रविवारी सकाळी होतं. मी कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून दाराजवळ स्टूलवर बसलो, गळ्यात टेप तशीच. पडद्यावर सर, बाहेरून आलेल्या एक परीक्षक बाई आणि मोठे साहेब. हिने जुळी चालवून दाखवली, सगळे खूश झाले, आणि मग ही म्हणाली, "आता यातली चूक दाखवते. ही चूक कॉम्प्युटरची नाही. या नोंदी खोट्या आहेत आणि त्या मी केल्यात."

तिने सगळं सांगितलं. बर्फ, एक, "उद्या बघा", एकशे बारा. आवाज एकदाही चढला नाही, उतरलाही नाही. मग तिने जुळीत तो खोटा एक काढून शून्य घातलं आणि तीच चार वर्षं पुन्हा चालवली. इन्सुलिनची फळी पडद्यावर लाल होऊ लागली. विझायची, पुन्हा लाल व्हायची. तीन मिनिटं हेच.

परीक्षक बाईंनी विचारलं, "या एकशे बारा दिवसांत किती रुग्णांना औषध मिळालं नसेल?"

"ते मला सांगता येणार नाही," ही म्हणाली. "शून्य लिहिलं असतं तर आज सांगता आलं असतं."

मोठ्या साहेबांनी तो एकशे बाराचा आकडा समोरच्या कागदावर लिहून घेतला. मग म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत, असं म्हणणार होते," ती म्हणाली. "पण साहेब, मी स्वतःलाच कधी विचारलं नव्हतं."

पदवी मिळाली. प्रमुखाची जागा दुसऱ्याला मिळाली, आणि हिला एक लेखी ताकीद आली. तिने ती सही करून परत दिली. मी चार दिवस कंपनीच्या नावाने खडे फोडले, तिने एकदाही साथ दिली नाही. साठा कमी करायचं मात्र रद्द झालं, आणि सहा महिन्यांनी कॉम्प्युटरची ती खोडही काढली. आता शून्य लिहिलं की औषध यादीतून जात नाही. उलट आसपासच्या सगळ्या गोदामांना आपोआप कळतं की इथलं संपलं.

परवा दुकानात एका गिऱ्हाइकाचं माप घेत होतो, तेव्हा तिचा फोन आला. कामावरून ती कधी फोन करत नाही.

"अहो, आज सकाळी इन्सुलिन संपलं," ती म्हणाली. "मी शून्य लिहिलं."

"मग?"

"मग दुसऱ्या गोदामाने आपणहून गाडी पाठवली. आत्ता माल उतरतोय."

"अगं, मग चांगलंच झालं की! रडतेस कशाला?"

पलीकडे पेट्या सरकवल्याचा आवाज येत होता.

"चार तास लागले हो फक्त," ती म्हणाली. "चार तास."