विनायक मिस्त्रीची कुंकवाची खूण

सौंसरातल्या बाकी मिस्त्र्यांनी कॉम्प्युटर लावून गाड्या तपासायला सुरुवात केली, तेव्हा विनायक मिस्त्री डोळे मिटून इंजिनाला कान लावत होता. परिणाम असा, की त्याच्या हातची म्हणावी अशी एकच जुनी गाडी गावात उरली: आमच्या शेजारच्या यशवंतकाकांची पांढरी फियाट. काका मास्तरकीतून रिटायर झाले, फियाट काही झाली नाही.

यंदा नवरात्रात ती ठसकायला लागली. विनायकभाऊनं निदान केलं, डेल्कोची बुश, म्हणजे आतली दांडी जिच्यात फिरते ती कडी, झिजून गेली. डेल्को म्हणजे प्रत्येक प्लगला आपापल्या पाळीनं ठिणगी वाटणारा डबा. पाळी चुकली की गाडीचा फटाका होतो.

काकांचा हर्षल नागपूरला नोकरी करतो. दसऱ्यासाठी अष्टमीलाच घरी आला आणि आल्या आल्या त्यानं निकाल दिला, "बाबा, दसऱ्याला चार वाजेपर्यंत चालू झाली तर ठेवा. नाही तर चारला भंगारवाला येऊन राहिला." विनायकभाऊनं अवजारांची पिशवी गाडीपाशीच आणून ठेवली. त्याच्या बोटांना आता दुसरं काम कुठं होतं?

नवमीच्या दुपारी त्यानं डेल्को काढला. काढण्याआधी खूण करावी लागते, नाही तर परत तसाच बसत नाही. दुसरे मिस्त्री पेचकसानं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरनं, रेघ मारतात. हा मारत नाही. "लेकराच्या अंगावर कोणी ओरखडा काढते का?" म्हणतो. त्याच्या खिशात काडेपेटीत कुंकू असतं. तेलात बोट बुडवून त्यानं एक टिकली डेल्कोवर लावली आणि तिच्यासमोर एक इंजिनावर. मग डेल्को मांडीवर घेऊन बसनं पांढुर्ण्याच्या लेथवाल्याकडं गेला. कंडक्टरनं विचारलं म्हणे, "भाऊ, लेकराचं तिकीट काढू का?"

दसऱ्याला सकाळी नवी बुश टाकून तो परत आला, बॉनेट उघडलं आणि नुसता पाहत राहिला. इंजिन घासूनपुसून लख्ख होतं, आणि त्याच्यावर जिथं बोट ठेवावं तिथं हळद-कुंकू. झाकणावर पाच बोटं, रेडिएटरवर पाच, एअर फिल्टरवर स्वस्तिक, वर झेंडूचं फूल.

"हे कोणी केलं?"

"मीच," काकांच्या शकुकाकू कौतुकानं म्हणाल्या. "तुम्ही एकच टिकली लावून गेले होते, तेही वाकडी. म्हटलं मिस्त्रीची पूजा अर्धी राहिली. रॉकेलनं पुसलं अन् नीट करून टाकली."

"वहिनी, ते पूजा नव्हती. ते माही खूण होती."

"मग खुणेसारखी खूण करायची ना. देवाच्या कुंकवानं कोणी खूण करते का?"

भाऊनं अंदाजानं डेल्को बसवला. काकांनी चावी फिरवली आणि सायलेन्सरमधून असा बार निघाला की समोरच्या निंबावरचे सगळे कावळे उडाले. दुसऱ्यांदा बसवला, दुसरा बार. हर्षल घड्याळ पाहत म्हणाला, "चांगलं आहे. फटाक्यांचा खर्च वाचला."

तीन वाजले. भाऊनं हात पुसले. "आता मुळापासून. चारी प्लग काढतो. गाडी चौथ्या गिअरात ढकलायची, एका जणानं पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवायचा. हवा अंगठा ढकलेल ते पहिल्या सिलिंडरची पाळी." त्यानं आमच्याकडं पाहिलं. मी आणि हर्षल ढकलणार, काका स्टिअरिंगवर, त्याला स्वतःला इंजिनाच्या पुलीवर कंपनीनंच कोरलेली खूण पाहायची होती. उरल्या काकू, दसऱ्याच्या पैठणीत.

"ठेवते," काकू म्हणाल्या. "पण शॉक लागला तर तुमच्या गॅरेजची पूजा मी घालणार नाही."

"काही नाही लागत, वहिनी. नुसती हवा."

मग आमच्या गल्लीत एक मिरवणूक निघाली. गाडी इंचइंच पुढं, आम्ही मागून रेटून राहिलो, उघड्या बॉनेटखाली प्लगच्या भोकावर एका हाताचा अंगठा रोवून काकू खेकड्यासारख्या आडव्या चालून राहिल्या, दुसऱ्या हातात पदर. रस्त्यात भेटेल तो विचारायचा, काकू, काय दाबून धरलं? काकू म्हणायच्या, "तुमच्या मास्तरांचा जीव."

तेवढ्यात "फुस्स" झालं. "अगं बाई, फुंकून राहिली ना मेली," काकू ओरडल्या.

"थांबा!" भाऊ पुलीवर वाकला. "अजून बोटभर. हळू. बस."

त्यानं डेल्कोच्या आत फिरून ठिणगी वाटणाऱ्या रोटरचं तोंड पहिल्या वायरीकडं घेतलं. आत उतरताना ते थोडं फिरतं, म्हणून आधी जरा मागं धरलं, मग कानाशी काही ऐकल्यासारखं करून डेल्को खाली सोडला. बसला. प्लग लावले, नट अर्धवट आवळला.

काकांनी चावी फिरवली. एकदा खोकली, दुसऱ्यांदा चालू. भाऊ डेल्को केसभर इकडं, केसभर तिकडं फिरवत राहिला. आवाज गुळगुळीत झाला तसा त्याचा चेहराही झाला, आणि त्यानं नट पक्का केला. काका उतरलेच नाहीत.

चारला पाच कमी असताना भंगारवाल्याचा टेम्पो आला आणि नेमका फियाटच्या नाकासमोर उभा राहिला. काकांनी हॉर्न दाबला, तो सोडेनात.

"कोणती गाडी उचलायची आहे?" भंगारवाल्यानं विचारलं.

हर्षलनं इंजिनाचा आवाज ऐकला, आईचा तेलानं काळा झालेला अंगठा पाहिला, आणि टेम्पोवर थाप मारली. "कोणतीच नाही. तुम्ही मागं घ्या भाऊ, आम्हाला सोनं वाटायला निघायचं आहे."