अमेय दादाची फुटबॉल टीम

जिंकणाऱ्या टीमचे स्कोअर लक्षात राहतात, हरणाऱ्या टीमचे किस्से. अमेरिकेत ॲन आर्बरला आमच्याकडे दर शनिवारी पोहे खायला येणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांची टीम नेमाने हरायची, त्यामुळे २००६ च्या एकाच सीझनमध्ये आमच्याकडे भरपूर किस्से साठले.

ही युनिव्हर्सिटीची खरी टीम नव्हे. हौशी विद्यार्थ्यांची लीग होती. अमेरिकन फुटबॉलच, पण धडका नाहीत. कमरेच्या पट्ट्याला कापडी फिती लावायच्या. बॉल घेऊन पळणाऱ्याची फीत ओढली की तो थांबला. आमचे खेळाडू मोजून सात. नागपूरचा अमेय दादा कॅप्टन. माझे बाबा कोच, कारण मोठा टीव्ही आमच्याकडे होता.

*

पहिल्याच मॅचला एक उंच मुलगा बॉल घेऊन पुण्याच्या मंदार दादाला जवळजवळ घासून गेला. मंदार दादा नुसता बघत राहिला.

"अरे, फीत ओढ ना त्याची!" अमेय दादा ओरडला.

"ओळख ना पाळख, एकदम कमरेला हात कसा घालणार?"

पुढच्या मॅचपासून तो आधी "एक्स्क्यूज मी" म्हणायला लागला. समोरचा वळून बघायचा, तेवढ्यात फीत हातात. बाबांच्या मते सीझनभरात यशस्वी झालेला आमचा हा एकमेव डाव.

*

सीझनमधला पहिला कॅचही मंदार दादानेच घेतला. आयुष्यभर क्रिकेट खेळलेला माणूस. आनंदाने त्याने बॉल आकाशात उंच उडवला. समोरच्या टीमने तो झेलला आणि पळत जाऊन टचडाउन करून पॉइंट्सही घेतले.

बाबा शांतपणे म्हणाले, "पुण्यात हा आउट असतो."

*

प्रत्येक डावाआधी रिंगण करून काय करायचं ते ठरवायचं असतं. आमच्या रिंगणात सात जणांची सात मतं. वेळ संपला की रेफरी शिट्टी वाजवून टीमला पाच यार्ड मागे पाठवायचा. एकदा वाद इतका रंगला की आम्ही मागे सरकत सरकत पार आमच्याच टोकाला पोचलो.

"यार, निदान निर्णय होईपर्यंत तरी सरकवू नका म्हणावं त्याला," अमेय दादा म्हणाला.

*

अमेय दादाने घरी फोनवर "युनिव्हर्सिटीत फुटबॉल खेळतो" एवढंच सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. पण त्याच्या वडिलांनी, म्हणजे वसंतकाकांनी, इंटरनेटवर युनिव्हर्सिटीचं अवाढव्य स्टेडियम पाहिलं, फोटोचे प्रिंट काढले आणि नागपूरला कॉलनीभर वाटले. मग मुलाची मॅच बघायला ते स्वतःच निघाले.

"खरं काय ते सांगून टाक," आई म्हणाली.

"कसं सांगू, काकू? त्यांनी सगळ्यांना माझा जर्सी नंबरसुद्धा सांगितलाय."

"तुला नंबर आहे?"

"त्यांनीच दिलाय."

*

काकांना घेऊन आम्ही निघालो, त्याच दिवशी खऱ्या टीमचीही मॅच होती. झेंडे लावलेल्या गाड्या, बँड, पोलिसांनी बंद केलेले रस्ते. काका काचेला नाक लावून बघत होते.

"हे सगळे तुमच्या मॅचला?"

स्टेडियम मागे पडलं. कुठेच पार्किंग मिळेना, शेवटी लांब गाडी लावून आम्ही हॉस्टेलमागच्या मैदानावर चालत गेलो. तिथे दोन टीम्स, एक रेफरी आणि थर्मास घेतलेली माझी आई.

अमेय दादा खाली बसून बुटाच्या नाड्या बांधू लागला. त्या बराच वेळ बांधून होईनात. काकांनी एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि ते माझ्या शेजारच्या घडीच्या खुर्चीवर बसले. मॅच संपेपर्यंत ते उठले नाहीत. आम्ही नेहमीसारखेच, सपाटून हरलो.

घरी आल्यावर त्यांनी खिशातून नवंकोरं प्रीपेड कॉलिंग कार्ड काढलं आणि नागपूरला काकूंना, म्हणजे अमेय दादाच्या आईला, फोन लावला. अमेय दादाचा पोह्यांचा चमचा हवेतच राहिला.

"गर्दी? अगं, गाडी लावायला जागा मिळेना. पोलिसांनी रस्ते बंद केले होते. बँड होता."

मग थोडं ऐकून म्हणाले, "खेळला म्हणजे? पहिल्यापासून शेवटपर्यंत. एक मिनिटही बाहेर बसवलं नाही त्याला."

"जिंकले का?" हा काकूंचा प्रश्न आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

काकांनी अमेय दादाकडे पाहिलं.

"हॅलो? हॅलो? कार्ड संपलं वाटतं गं," म्हणाले, आणि फोन ठेवला.