अण्णांच्या रिकाम्या पेटीतली गुणगुण

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. माझ्या माहेरी कुणाला पिंपळाखाली 'काही' दिसलं म्हटलं, की आमची आई आधी थर्मामीटर शोधायची. त्यामुळे पुढचं वाचताना 'हिला वेड लागलंय' असं वाटलं तर खुशाल वाटू द्या. मलाही अधूनमधून वाटतं.

गोष्ट नव्वद सालच्या आसपासची. बदलापूर पूर्वेला, कात्रपच्या बाजूला आमचं बैठं घर होतं. मी नुकतीच लग्न होऊन आलेली. घरात नवरा सुहास, सासूबाई आणि सासरे, म्हणजे अण्णा. अण्णा अंबरनाथच्या एका कारखान्यातून सेफ्टी ऑफिसर म्हणून रिटायर झाले होते. कारखाना सुटला, पण सेफ्टी सुटली नाही. गॅसचा नॉब पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय ते देवळातसुद्धा जायचे नाहीत. कुणीही कुठलीही बाटली उचलली की 'आधी लेबल वाच!'... मी खोबरेल तेल घेतलं तरी!

रिटायर झाल्यावर त्यांनी मधमाश्यांच्या दोन पेट्या आणल्या आणि परसात पेरूखाली ठेवल्या. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत. वाट्या माझ्या रुखवताच्या होत्या, पण तो वेगळा विषय.

कुंपणापलीकडे भोईरकाकांचा मळा. काका रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर यायचे. दोघं रमी खेळायचे आणि एकमेकांवर लबाडीचा आरोप करत चहा प्यायचे. वर्षानुवर्षांची दोस्ती. काकांच्या मंदाला गणित अण्णांनीच शिकवलेलं, आणि मंदा त्यांना बापाच्या जागी मानायची.

तर एका सकाळी डाव्या पेटीतल्या सगळ्या माश्या मेलेल्या. सगळ्या म्हणजे सगळ्या. तळाशी थर, दारात ढीग, राणीसुद्धा गेलेली. मध जागच्या जागी. आणि शेजारची उजवी पेटी? मजेत चालू, जसं काही झालंच नाही!

दुसरा कुणी रडला असता. अण्णांनी इन्क्वायरी लावली.

जेवणाच्या टेबलावर एकेकाला बोलावून, 'आदल्या दिवशी तुम्ही कुठे होता?' सासूबाई म्हणाल्या, "स्वयंपाकघरात. दुसरीकडे जायला तुम्ही कधी सुट्टी दिलीत?" शेवटी निष्कर्ष निघाला — भोईरकाकांनी वालावर औषध फवारलं, त्यानं माश्या मेल्या. अण्णा कुंपणाशी जाऊन गरजले.

काका शांतपणे म्हणाले, "आवो अण्णा, तुमच्या माश्या फुलावर बसतान म्हनून माज्या वालाला शेंगा धरतान. मी कनाला मारू त्यांना? आन ती दुसरी पेटी काय माजी बहीन हाय, तिला तेवडी सोडून दिली?"

अण्णांचा आवाज आणखी चढला. बोलणं तुटलं, रमी बंद. आणि नेमकं मंदाचं लग्न ठरलेलं! 'त्या मांडवात पाऊल टाकणार नाही,' असं अण्णांनी जाहीर करून टाकलं.

मेलेली पेटी खरवडून, उकळत्या पाण्यानं धुऊन, उन्हात वाळवून व्हरांड्यात आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते, तर आवाज आला. गुंऽऽऽ... मला वाटलं फ्रिज. पण लाइट गेलेली होती. पेटीचं झाकण उघडलं. आत काही नाही, आवाजही नाही. झाकण लावलं... गुंऽऽऽ.

मी सगळ्यांना हाका मारल्या. सुहासनं ऐकलं, सासूबाईंनी ऐकलं. अण्णांनी स्टीलचा पेला उपडा ठेवून त्याला कान लावला. मग स्क्रू ड्रायव्हर आणून अख्खी पेटी फळीफळीनं सुटी केली. भुंगा नाही, भोक नाही, काही नाही. पुन्हा जोडली. पुन्हा गुंऽऽऽ.

"लाकूड उन्हानं प्रसरण पावतं," अण्णा म्हणाले.

"आणि गुणगुणतं?" मी विचारलं. त्यावर त्यांनी मला चहा करायला पाठवलं.

सासूबाईंचा निकाल तयार होता. "कुणाच्या तरी हातून चूक झालीये आणि ते माणूस बोलत नाहीये. बोललं की थांबेल." सुरुवात त्यांनीच केली. कुणीतरी बाई 'अगंबाई, केवढ्या माश्या!' म्हणून गेली होती, म्हणून त्यांनी पेटीची दृष्ट काढून मिरच्या तिथेच खाली जाळल्या होत्या. एवढं सांगून त्यांनी पेटीला नमस्कार केला. गुणगुण चालूच.

मग सुहास. तो पेटीमागे डासांची उदबत्ती लावून बसायचा. का? तर सिगरेट ओढायला! एका दगडात दोन कबुल्या. गुणगुण थांबली नाही, फक्त अण्णांच्या आवाजापुढे थोडा वेळ ऐकू आली नाही.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी त्या पेट्यांच्या जवळपासही फिरकत नसे. तरी सासूबाईंचं 'आठव, आठव' संपेना, तेव्हा वैतागून म्हटलं, "हो, मीच त्यांना डोळे वटारून मारलं!" पेटीवर ढिम्म परिणाम नाही.

असे दिवस गेले. येणारे-जाणारे विचारायचे, आम्ही 'पाण्याचा पंप' म्हणून सांगायचो. अण्णा मात्र पार उतरले. संध्याकाळी ओट्यावर बसून दोघांचे पत्ते वाटायचे, समोरचा डाव तसाच पालथा ठेवायचे आणि थोड्या वेळानं गोळा करून उठायचे. मला फार वाईट वाटायचं.

आणि एका दुपारी भोईरकाका स्वतः पत्रिका घेऊन आले. अण्णांनी हात पुढे केला नाही. काकांनी पत्रिका समोरच्या पेटीवर ठेवली. गुंऽऽऽ...

"यात माश्या हायेत?"

"नाहीत," अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले.

काका जरा चपापले, पण हटले नाहीत. "अण्णा, पोर जेवत नाय. बोलते, अण्णा नाय आलं त मी मांडवान उबी नाय ऱ्हानार. चला, मीच मारल्या तुमच्या माश्या. झाला? आता लग्नाला या."

मंडळी, तो आवाज वाढला! इतका, की झाकणावरची पत्रिका थरथरत कडेला सरकायला लागली. पंखा बंद होता. आम्ही चौघांनीही पाहिलं, काकांसकट पाच जण.

अण्णा पांढरेफटक पडले. "थांब रे, थांब! तू नाही मारल्यास. मी मारल्या. वाळवी लागू नये म्हणून पेटीला आतून औषध लावलं मी. कॅम्प दोनच्या सिंधी बाजारातून आणलेलं. दुकानदार म्हणाला होता, 'साईं, एक नंबर चीज है, कुछ जिंदा नहीं बचेगा.'"

आवाज बंद. एकदम.

त्या शांततेत सासूबाईंनी विचारलं, "लेबल वाचलंत?"

"...चष्मा आत होता." अण्णांचे डोळे भरून आले होते. "माश्या मेल्या त्याच सकाळी लक्षात आलं होतं. पण जन्मभर लोकांना सेफ्टी शिकवली, कुठल्या तोंडानं सांगणार? भोईर, माफ कर मला."

काकांनी पत्रिका उचलून अण्णांच्या हातात दिली. मग म्हणाले, "औषध एकाच पेटीला लावला?"

"नाही," अण्णा म्हणाले. "दोन्हींना. एकाच ब्रशनं."

आम्ही सगळ्यांनी माना वळवून परसात पाहिलं. उजव्या पेटीच्या माश्या आरामात ये-जा करत होत्या.

म्हणजे माश्या औषधानंच मेल्या का? मिरच्यांच्या धुरानं? उदबत्तीनं? की एखाद्या रोगानं? नंतर जाणकारांना विचारलं, प्रत्येकानं वेगळं कारण सांगितलं. गुणगुणीचं विचारलं की ते विषय बदलायचे. ती पेटी पुन्हा कधी वाजली नाही, आणि मला आजही यातलं काही उलगडलेलं नाही.

हळदीला अण्णा गेले. मंदानं त्यांच्या दोन्ही गालांना हळद फासली, तेव्हा ते लहान मुलासारखे रडले. मग बँजो सुरू झाला, आणि काकांचा हात धरून अण्णा मांडवात नाचले. त्यांना नाचता येतं, हे सासूबाईंनाही त्याच दिवशी कळलं.