नर्सबाईंच्या घरचं बाळंतपण

समोरचा माणूस नमस्कार म्हणेपर्यंत आईच्या अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढलेली असायची. "रगात न्हाई अंगात. पालक खा, गूळ खा." झाली ओळख.

नेवासा तालुक्यातल्या आमच्या गावात ती सरकारी उपकेंद्राची नर्स होती. रविवारी चर्चच्या दारात पाळकसाहेबांनी हात पुढे केला, तर हिने त्यांचीही पापणी ओढून पाहिली. मला बघायला आलेला मुलगा तर चहाचा कप हातात धरूनच तपासला गेला. "पोरगा बरा हाय," तिने निकाल दिला, "पर लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतील." त्याने बिचाऱ्याने तीन महिने घेतल्या, मग लग्न झालं. तुमच्या पाहण्यात असं दुसरं लग्न असेल तर मला जरूर सांगा.

गावाची एवढी सेवा म्हटल्यावर घरच्यांसाठी तिला अर्थातच सवड नव्हती. शेजारणीच्या पोराला शिंक आली, की बाईसाहेब स्कूटी काढून हजर. मला ताप आला, की लांबूनच "जाईल उद्या" म्हणायची आणि गोळी ठेवून बाहेर पडायची. म्हणून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, तेव्हा मी मनात म्हटलं, आता तरी हिला माझ्याकडे बघावंच लागेल. निम्म्या तालुक्याची पोरं हिच्या हातून झाली, मग माझं का नाही?

"तुझं मी न्हाई करनार. नगरला जायचं."

"का?"

"तिथं सोयी हायेत."

सोयी! आपल्या उपकेंद्राचं कौतुक सांगून जिने गावाचे कान किटवले, तिला अचानक नगरच्या सोयी दिसू लागल्या. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे, लसीकरण चालू होतं.

कळा सुरू झाल्या तशी तिने मला नगरच्या दवाखान्यात पोचवलं आणि स्वतः दाराबाहेर बाकावर बसली. आत मी जोरात ओरडले. बाहेर धप्पकन काहीतरी पडलं. थोड्या वेळाने तिथली सिस्टर हसू दाबत आली. "ताई, तुमच्या आई चक्कर येऊन पडल्या. आता बऱ्या आहेत. सलाईन लावतोय, तर सुई कुठं टोचायची ते त्याच सांगतायत."

संध्याकाळी लेकीला कुशीत घेऊन मी तिला विचारलं, "एवढी बाळंतपणं केलीस, तेव्हा नाही कधी पडलीस?"

"त्या काय माझ्या लेकी व्हत्या व्हय?" ती भिंतीकडे बघत म्हणाली. "तू कन्हलीस की माझे हातपाय गळतात. ल्हानपनापासून. म्हनून तर तुझ्या तापात जवळ बसत न्हवते."

इतकी वर्षं मी रुसून होते ती याच्यावर.

तिला जाऊन दीड वर्ष झालं. यंदा दुसऱ्या वेळी मी त्याच दवाखान्यात होते. सिस्टर फार गोड बोलणारी होती, नवरा बाहेर मोबाईलवर बोलत होता. मला आई हवी होती. या वेळी मी मनसोक्त ओरडले. बाहेर चक्कर येऊन पडणारं कुणी नव्हतं.