जागचा न हलणारा कॉम्प्युटर

आमचा जुना डेस्कटॉप नऊ वर्षं चालला आणि एका सकाळी बटण दाबल्यावर नुसता पंखा फिरवून थांबला. आरमोरीतल्या दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं. हार्ड डिस्क मात्र शाबूत होती. ती काढून त्याने माझ्या हातात दिली तेव्हा जिवात जीव आला. धानोऱ्याकडच्या एका गावाच्या जंगलाचा अर्धा नकाशा तिच्यात होता.

हेच माझं काम. गावची माणसं जंगलाच्या हद्दीवरून फिरून मोबाईलवर खुणा घेतात, त्या मी पडद्यावर जोडते आणि ग्रामसभा तो नकाशा आपल्या वनहक्काच्या दाव्याला लावते. समोरच्या खोलीत खिडकीखाली माझं टेबल आहे. माणसं तिथेच येतात. मी फार बोलत नाही. इंग्रजी शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे आणि घरी इंग्रजी वळणाचं मराठी बोललं की हसायचे, त्यामुळे गप्प राहणं लवकर जमलं. टेबलापाशी बोटाने दाखवलं तरी भागतं.

त्याच महिन्यात घरात माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. नवा कॉम्प्युटर घ्यायला गडचिरोलीला जायचं ठरलं, तेव्हा मामा सोबत आला. त्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण भाव करता येतो, असं आईचं म्हणणं.

“भाचीसाठी लॅपटॉप दाखवा,” मामाने दुकानात शिरता शिरता सांगितलं.

“डेस्कटॉप,” मी म्हटलं. कोणाला ऐकू गेलं नाही.

दुकानदाराने तीन लॅपटॉप मांडले. बाजारात कोबी हातात घेऊन पाहावा तसा मामा एकेक तोलून पाहत होता. “हा पाह्य, वहीएवढा. लग्न झालं का पिशवीत टाकला अन् गेली.”

“सगळ्या मुली हाच नेतात आता,” दुकानदार मामालाच म्हणाला. “डेस्कटॉप कोन घेते?”

मी निघून जाणार, हे दोघांनीही धरूनच ठेवलं होतं. पैसे माझे होते, काम माझं होतं, आणि खिडकीखालचं माझं टेबल त्यांनी बोलता बोलता रिकामं करून टाकलं होतं. मोठा नकाशा उघडला की लॅपटॉप तापतो, हे कारण मला देता आलं असतं. पण मग दुकानदाराने आणखी महागातला लॅपटॉप काढला असता.

“मले डेस्कटॉपच पायजे,” मी मोठ्याने म्हटलं. माझ्या तोंडून गावचं ‘मले’ ऐकून मामा वळला. पर्समधून मी कागद काढला. “मोठा कॅबिनेट. चोवीस इंची मॉनिटर. बत्तीस जीबी रॅम. अन् यूपीएस.”

“काऊन वं?” मामाने विचारलं. “एवढं लोखंड सासरी कसं नेशीन?”

“ज्यायले मी पायजे, ते टेम्पो आनतीन.”

“अन् नाई आनला तं?”

“तं मी इथीच आहो.”

दुकानदार हसला. मामा हसला नाही. “हे इंग्लिश शाळेत शिकवलं का तुले?”

“नाई. तिथं तं बोलूच देत नव्हते.”

परतताना गाडीच्या मागच्या सीटवर खोके एकमेकांवर आपटत होते.

घरी सगळं जोडून झालं, जुनी हार्ड डिस्क लावली आणि अर्धा नकाशा होता तसा उघडला. आईने मॉनिटरचा रिकामा खोका उचलून मला दिला. “माळ्यावर ठेव. पुढं नेतानी कामी येईल.”

बिल आणि वॉरंटीचा कागद मी फायलीत लावला. खोका चारही कडांनी सुरीने कापला आणि सपाट करून टेबलापुढे जमिनीवर अंथरला, कोरी बाजू वर करून.

पुढच्या आठवड्यात धानोऱ्याकडचे ते गावकरी आले. वयस्कर होते. पडद्यावर बोट ठेवायला ते कचरत होते, पण खाली बसून पुठ्ठ्यावर खडूने त्यांनी बेधडक वळणाची रेघ ओढली. “नाला इथून वळते, बाई. मोबाईलवाल्या पोरानं सीधा दाखवला.”

आई चहा घेऊन दारात थांबली. पुठ्ठा ओळखायला तिला वेळ लागला नाही.

“आता कायच्यात नेशीन?” ती म्हणाली.

मी गावकऱ्यांना नाल्यापुढची खूण विचारली.