उरलेले पऱ्हे

ऐंशीच्या दशकातल्या एका पावसाळ्यात वैनगंगा वडशाकडच्या गावांत शिरली आणि चार दिवस हलली नाही. पाणी ओसरलं तेव्हा रोवलेला धान कुजून गेला होता. मी शेती खात्यात नवा लागलो होतो. जंगलापलीकडच्या उंचावरच्या गावात रोवणी उरकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, शिल्लक होते. ते फुकट द्यायला तिथले लोक तयार झाले. उपटून मात्र आपणच आणायचे होते.

मी राहत होतो त्या पूरग्रस्त गावाच्या सरपंचाने घरटी एक बाई मागितली. बौद्ध मोहल्ल्यातून जी आली तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता. तिची एकच बांधी, म्हणजे धानाचं खाचर, तीही तिने एकटीने गाळ उपसून साफ केली होती. दोन दिवस ती चिखलात वाकून पऱ्हे उपटत होती. जेवताना बाकीच्या बाया मोहाच्या झाडाखाली बसायच्या, ती लांब शेताच्या धुऱ्यावर. मी मोहाखाली बसायचो.

पऱ्ह्यांनी भरलेल्या बैलबंड्या सरपंचाच्या अंगणात रिकाम्या झाल्या. वाटपाची यादी माझ्याच अक्षरातली, तिचं नाव त्यात होतं. सरपंच म्हणाला, त्या लोकांच्या बांध्यांत अजून रेती आहे, तिथे पऱ्हे वाया जातील. मी आदल्याच दिवशी तिच्या बांधीत उभा राहून आलो होतो. पण राहायला-जेवायला मी सरपंचाकडेच होतो. मी मान डोलावली.

ती तीन दिवस रोज सकाळी येऊन विचारत राहिली. मी रोज उद्याचं सांगितलं. चौथ्या दिवशी बाकी सगळ्यांची रोवणी आटोपली. भिंतीशी उरलेल्या जुड्या पिवळ्या पडल्या होत्या. गडी त्या बैलांपुढे टाकत होता, आणि ती फाटकात उभी होती.

“हे मीच उपटले होते, भाऊ,” ती म्हणाली.

आता ते लागणार नाहीत, असं मी तिला समजावलं. ते खरंच होतं.

“काल लागले असते न.”

ओसरीवरून सरपंचाने तिला सांगितलं, की पुढे तण निंदायला बाया कमी पडतील, ये. ती येणार नाही असं मला वाटलं होतं. पण ती आली, त्याच्या धानात दिवसभर निंदत राहिली. तिला तिथे पाहून मला हायसं वाटलं. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

गावाची फेररोवणी पूर्ण झाली, असा अहवाल मी लिहिला. वरच्या ऑफिसात त्याचं कौतुक झालं. दिवाळीनंतर ती नवऱ्याला बंडीत घालून चंद्रपूरकडे मजुरीला गेली. तिथे कुठे राहतात, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

पुढल्या वर्षी तिच्या बांधीत सरपंचाने धान लावला. मी पाहणीला गेलो तेव्हा पीक भरघोस उभं होतं. त्याने एक लोंबी तोडून माझ्या हातात दिली. मी दाणे मोजले आणि चांगलं आलंय म्हणालो.