निळ्या दिव्यासमोरचा रविवार

"लागला का निळा?" वाचनालयात आल्या आल्या बाई आधी हे विचारायच्या, "जय भीम" नंतर. मी हो म्हटलं तरी विश्वास नसे. लॅपटॉपच्या कडेचं वायफायचं बटण नखानं मागेपुढे सरकवून बघायच्या. दिवा निळा दिसला की मगच खुर्ची ओढायच्या.

नवेगाव बांधच्या त्या वाचनालयात बाई ग्रंथपाल आणि मी कारकून. भुताखेतांच्या पुस्तकांवर त्यांचा भारी राग. "असं काई रायत नाई. कायले वाचता?" असं वाचकाला तोंडावर सुनावायच्या आणि पुस्तक मात्र द्यायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

त्यांचा तरणाताठा मुलगा बी.ए.ला दुसऱ्यांदा नापास झाला, तेव्हा बाईंनी चारचौघांत त्याच्या कानाखाली दिली. तो त्याच दिवशी गोंदियाला जाऊन रेल्वेत बसला. कुठं गेला, कळलं नाही. फोन बंद. आईला चॅटचं खातं पूर्वी त्यानंच उघडून दिलं होतं. "लिवन तं इथंच लिवन तो," बाई म्हणायच्या. अशी दोन वर्षं गेली.

एका शनिवारी निघताना, नेट उगाच संपू नये म्हणून मी स्क्रीनच्या कोपऱ्यात माउस नेला आणि वायफाय तोडलं. कडेचं बटण चालूच होतं, म्हणून दिवा निळाच राहिला. रविवारी माझी सुट्टी. नेट आहे की नाही, हे बाईंना फक्त त्या दिव्यावरून कळायचं. त्या दिवसभर त्याच्यासमोर बसल्या.

सोमवारी वाचनालय बंद असे. मंगळवारी मी वायफाय जोडलं आणि मुलाचे तीन निरोप येऊन पडले. तिन्ही रविवार दुपारचे.

"आई, आहेस का?"

"आई?"

"बरं."

बाईंनी एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचलं. "मी तं इथंच बसून होती, भाऊ. दिवा बी निळा होता." मग हळूच म्हणाल्या, "माह्याच हातानं काई दबलं असन."

"नेटवर्क गेलं असेल," मी म्हणालो.

त्यांनी उत्तर लिहिलं. निवृत्त होईपर्यंत रोज लिहिलं. पलीकडून पुन्हा काही आलं नाही. भूत नसतं हे मला बाईंनीच शिकवलं, तरी रविवारी दुपारी मी त्या खोलीत एकटा बसू शकत नाही.

पुढे बाई आजारी पडल्या. आज सांगून टाकायचंच, असं ठरवून मी त्यांच्या घरी गेलो. खाटेवर नुसती हाडं उरली होती. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझा हात धरला. "लय केलं भाऊ तुमी माह्यासाठी. तेवढं कोनी नाई केलं." मी मान हलवली. निघताना त्यांनी शिंगाड्यांची पिशवी दाखवली, "लेकराईसाठी न्या." मी ती घेतली.

आठवडाभरात त्या गेल्या. सांगायचं राहून गेलं, असं मी स्वतःला समजावतो. खोटं आहे ते. बाई पूर्ण शुद्धीत होत्या, खोलीत तिसरं कोणी नव्हतं, आणि माझी एसटी सुटायला अजून तास होता.